व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) मशीनमधल्या फायली नेटवर्कवरून कशा काढायच्या, कशा सांभाळायच्या: नव्या ऑपरेटरसाठी

व्हीसी रूमचा चार्ज मिळाला की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी विचारतं, "मागच्या व्हीसीचं रेकॉर्डिंग मशीनमध्ये असेल ना? काढून द्या." मग रिमोट घेऊन टीव्हीवरचे सगळे मेनू उलटेपालटे केले तरी फाइल नावाची वस्तू कुठे दिसत नाही. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या ठिकाणी असलेली व्हीसी रूम मी सांभाळतो. आमच्याकडे हे काम बहुतेकदा कॉम्प्युटर ऑपरेटरच्या, प्रयोगशाळा सहायकाच्या किंवा "तुला मोबाइलमधलं कळतं ना" एवढ्यावर निवडलेल्या कनिष्ठ लिपिकाच्या गळ्यात पडतं. शिकवायला कुणी नसतं आणि मशीन बसवून गेलेला इंजिनिअर नंतर फोन उचलत नाही. त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत. मशीनमध्ये काहीही बदलण्याआधी त्यातलं सगळं बाहेर काढून कॉपी ठेवायची. आधी कॉपी, मग बदल.

१. मशीनमध्ये काय असतं आणि काय नसतं

टीव्हीखालच्या किंवा कॅमेऱ्याजवळच्या त्या डब्याला कोडेक म्हणतात. तो एक छोटा कॉम्प्युटरच असतो. त्यात साधारण हे सापडतं: सेटिंग्ज, ॲड्रेस बुक, आलेल्या-गेलेल्या कॉलची यादी, लॉग (मशीन आपोआप ठेवतं ती घडामोडींची नोंद), स्क्रीनवर दिसणारं चित्र किंवा लोगो, सर्टिफिकेट (मशीनची ओळख पटवणारी फाइल) आणि फर्मवेअर (मशीन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर).

रेकॉर्डिंग मात्र बहुतेक मशीनमध्ये नसतंच. ते वेगळ्या रेकॉर्डिंग सर्व्हरवर होतं, नाहीतर मशीनला तशी सोय असेल तर पेन ड्राइव्हवर. व्हीसी मुंबईहून किंवा जिल्ह्याहून लागली असेल आणि रेकॉर्डिंग तिकडून चालू केलेलं असेल, तर फाइलही तिकडेच राहते. तुमच्या डब्यात शोधून ती मिळणार नाही, लावणाऱ्यांकडे मागावी लागते.

तसंच दाखवलेल्या पीपीटीचं. लॅपटॉप जोडून स्लाइड दाखवता तेव्हा फाइल पलीकडे जात नाही, स्क्रीनचं चित्र व्हिडिओसारखं जातं. व्हीसी जोडायच्या दोन पद्धती असतात, एच.३२३ आणि एसआयपी. एच.३२३ मध्ये हे काम एच.२३९ करतं, एसआयपीमध्ये बीएफसीपी. म्हणून "कालचा पीपीटी मशीनमधून काढा" म्हणून कुणी बसवून ठेवलं, तर ती फाइल ज्यांनी दाखवली त्यांच्या लॅपटॉपमध्येच आहे हे नम्रपणे, पण ठामपणे सांगा. अर्धा दिवस वाचतो.

२. आधी परवानगी, मग कागद, मग साधनं

कार्यालयाचं नेटवर्क तुमच्या मालकीचं नाही. मशीन स्टेट वाइड एरिया नेटवर्कवर (सरकारी कार्यालयं जोडणारं राज्याचं नेटवर्क) असेल तर आयपी पत्ता (नेटवर्कवरचा मशीनचा नंबर), फायरवॉल (नको ती जोडणी अडवणारी यंत्रणा), स्विच (केबली जोडायचा डबा) हे सगळं दुसऱ्याच्या ताब्यात असतं. साहेबांकडून दोन ओळींची लेखी परवानगी घ्या: कोणतं मशीन, कशासाठी, कोण हाताळणार. पुढे काही अडलं की हाच कागद कामाला येतो.

जमवायचे कागद:
- मशीनचं मॉडेल आणि सिरीयल नंबर (स्टिकर खाली किंवा मागे असतं, मोबाइलवर फोटो काढा)
- डेडस्टॉक रजिस्टरमधली नोंद
- आयपी, सबनेट मास्क (कोणते पत्ते एका गटात येतात ते ठरवणारा आकडा), गेटवे (गटाबाहेर जायच्या दाराचा पत्ता) लिहिलेला कागद
- ॲडमिन पासवर्ड
- एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) चालू आहे का, कोणाची, कधीपर्यंत
- लायसन्स किंवा ऑप्शन की (जादा सोयी चालू करणारे कोड) विकत घेतल्या असतील तर त्यांचं पत्र

साधनं:
- लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप. पातळ लॅपटॉपला पोर्ट नसतो, तेव्हा यूएसबी-लॅन अडॅप्टर
- चालू असल्याची खात्री केलेली लॅन केबल
- फाइली पाठवायला-आणायला फाइलझिला किंवा विनएससीपी, आणि मशीनला कमांड द्यायला पुट्टी (तिन्ही फुकट मिळतात)
- नोटपॅड प्लस प्लससारखा साधा टेक्स्ट एडिटर
- मोकळा पेन ड्राइव्ह

मॅन्युअल शोधताना बरेच जण अडकतात. डब्यावर पॉलीकॉम लिहिलेलं असतं, पण ती कंपनी २०१८ मध्ये प्लॅन्ट्रॉनिक्सने घेतली, पुढे नाव पॉली झालं आणि २०२२ मध्ये ती एचपीकडे गेली. टॅन्डबर्ग २०१० मध्येच सिस्कोत गेली. तेव्हा जुन्या नावाची साइट शोधत बसू नका. आताच्या मालकाच्या सपोर्ट पानावर मॉडेल नंबर टाका.

३. मशीनचा पत्ता शोधा

रिमोटने किंवा टच पॅनेलवरून सेटिंग्जमध्ये जा, तिथे सिस्टिम इन्फर्मेशन आणि त्याखाली नेटवर्क असं काहीतरी असतं. आयपी, सबनेट मास्क, गेटवे तिन्ही लिहून घ्या. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला नेटवर्ककडून पत्ताच मिळालेला नाही. आधी केबल आणि स्विच बघा.

आता लॅपटॉप. तो कार्यालयाच्या वायफायवर आहे म्हणून मशीनपर्यंत पोचेल असं समजू नका. व्हीसीला बहुतेक ठिकाणी वेगळी व्हीलॅन (त्याच केबलींवरचं वेगळं नेटवर्क) दिलेली असते आणि वायफायवरून तिकडे रस्ता नसतो. सरळ मार्ग म्हणजे नेटवर्कवाल्यांना विचारून त्याच स्विचच्या योग्य पोर्टवर लॅपटॉप लावणं. ते जमत नसेल तर व्हीसी नसलेल्या वेळी मशीनची केबल काढून लॅपटॉप थेट मशीनला जोडा आणि लॅपटॉपला हाताने आयपी द्या.

हाताने आयपी देताना मास्क नीट बघा. घरच्या राउटरवर मास्क २५५.२५५.२५५.० असतो, म्हणून फक्त शेवटचा आकडा बदलला की चालतं. सरकारी जोडणीवर मास्क पुष्कळदा २५५.२५५.२५५.२४० सारखा छोटा असतो. त्यात वापरण्याजोगे पत्ते जेमतेम १४. मशीन १०.२०.३०.३४ वर असेल तर लॅपटॉपचा पत्ता ३३ ते ४६ यांच्यातलाच हवा. ५० दिलात तर शेजारी ठेवलेलं मशीनही दिसणार नाही. आणि मशीनचाच किंवा गेटवेचा आयपी लॅपटॉपला कधी देऊ नका. एकच पत्ता दोघांना मिळाला की चालू व्हीसीसुद्धा तुटते.

मग कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग करून (मशीन उत्तर देतं का ते विचारणारी कमांड) बघा. उत्तर आलं तर छान. नाही आलं तरी लगेच हार मानू नका, काही ठिकाणी पिंग बंद ठेवलेलं असतं. पुढची पायरी करून बघाच. काम संपल्यावर लॅपटॉपचा आयपी पुन्हा ऑटोमॅटिकवर आणायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी "नेट चालत नाही" म्हणून वेगळीच शोधाशोध सुरू होते.

४. ब्राउझरमधून आत जा

ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी एचटीटीपीएस (https://) लावून आयपी टाका. सर्टिफिकेट सुरक्षित नाही असा इशारा येईल. मशीनने स्वतःच तयार केलेलं सर्टिफिकेट असल्यामुळे तो येतो. थेट केबलने जोडलेल्या, आयपी स्वतः वाचून घेतलेल्या मशीनसाठी पुढे जायला हरकत नाही. इंटरनेटवरच्या साइटवर मात्र हीच सवय लावून घेऊ नका.

जुन्या मशीनचं पान उघडतच नाही, ही आमच्या भागातली मोठी अडचण, कारण दहा-दहा वर्षांपूर्वीची मशीनं अजून चालू आहेत. २०२० मध्ये मोठ्या ब्राउझरांनी टीएलएस (सुरक्षित जोडणीची पद्धत) १.० आणि १.१ बंद केलं, त्याच वर्षअखेर फ्लॅश संपलं. जुनं मशीन जुन्याच भाषेत बोलतं आणि नवा ब्राउझर ऐकून घेत नाही. अशा वेळी मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमधला इंटरनेट एक्सप्लोरर मोड वापरून बघा. तेही जमलं नाही तर थेट केबलच्या जोडणीवर साधं एचटीटीपी चालतं का बघा. कार्यालयाच्या खुल्या नेटवर्कवर साध्या एचटीटीपीने पासवर्ड टाकू नका.

लॉगिनला युजर बहुधा ॲडमिन असतो. पॉलीकॉमच्या काही मॉडेलवर मूळ पासवर्ड म्हणजे सिरीयल नंबर किंवा त्याचे शेवटचे सहा आकडे. सिस्कोच्या जुन्या एसएक्स मालिकेत तर पासवर्ड रिकामाच येतो. तुमच्या मशीनवर तो अजून तसाच असेल तर पुढच्या पायरीतला बॅकअप घेऊन आजच बदला. खोलीतला मायक्रोफोन आणि कॅमेरा कुणालाही लांबून चालू करता येणं ही साधी बाब नाही. जिल्ह्याच्या बैठका त्या खोलीत होतात.

पासवर्ड माहीत नसेल तर अंदाजाने टाकत राहू नका, मशीन काही वेळासाठी लॉक होतं. आणि फॅक्टरी रीसेटचं बटण हा पहिला उपाय समजू नका. त्याने आयपी, ॲड्रेस बुक, गेटकीपरची (कॉल जोडून देणारा सर्व्हर) नोंद सगळं जाऊ शकतं, आणि ते परत भरायला लागणारे आकडे बहुतेक वेळा कुणाकडेच नसतात. आधी एएमसीवाल्याला लेखी कळवा.

५. सगळ्यात आधी बॅकअप

आत गेलात की कशालाही हात न लावता या चार गोष्टी डाउनलोड करा: सेटिंग्जचा बॅकअप, ॲड्रेस बुक, कॉलची यादी, लॉग. सिस्कोत बॅकअप अँड रिस्टोअर नावाचं पान असतं, पॉलीकॉमच्या एचडीएक्समध्ये प्रोफाइल सेंटर. नावं बदलतात, जागा मेंटेनन्स, युटिलिटीज किंवा डायग्नोस्टिक्स यांच्यापैकीच कुठेतरी असते.

फाइलच्या नावात ठिकाण, मॉडेल आणि तारीख घाला, तारीख वर्षापासून सुरू करा म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. एक कॉपी कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राइव्हवर आणि तो पेन ड्राइव्ह कपाटात. बॅकअपमध्ये पासवर्ड बहुधा येत नाहीत, ते वेगळे लिहावे लागतात. एका मॉडेलचा बॅकअप दुसऱ्या मॉडेलवर चढवू नका.

ॲड्रेस बुकबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त नासधूस इथेच होते. ही फाइल काही मशीनवर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी टेक्स्ट फाइल) म्हणून मिळते. त्यावर दोनदा क्लिक केलं की ती एक्सेलमध्ये उघडते आणि तिथूनच बिघाड सुरू होतो. भोकरदनचा व्हीसी नंबर ००४५१२ असेल तर एक्सेल पुढची दोन शून्यं खाऊन ४५१२ करतं. नंबर अकरा आकड्यांहून लांब असेल तर तो १.२३ई+१२ अशा रूपात दाखवतं, आणि सेव्ह केलं की तसाच जातो. देवनागरीत लिहिलेलं "अंबाजोगाई" अनोळखी चिन्हांची रांग होऊन बसतं. ही फाइल परत मशीनवर चढवली की संपूर्ण यादी निकामी.

म्हणून एक्सेलमध्ये थेट उघडू नका. रिकामी शीट उघडून डेटा मेनूतून फ्रॉम टेक्स्ट निवडा, अक्षरांसाठी यूटीएफ-८ (देवनागरी नीट राहते ती पद्धत) ठेवा आणि नंबरचा रकाना टेक्स्ट म्हणून आणा. त्याहून सोपं म्हणजे नोटपॅड प्लस प्लसमध्येच दुरुस्ती करणं. मूळ फाइलला हात लावू नका, तिची कॉपी करून त्यात बदल करा.

यादी उघडलीच आहे तर नावंही सुधारून घ्या. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. कितीतरी मशीनमध्ये दोन्ही नावांच्या नोंदी आहेत, त्यातली एक बंद पडलेल्या नंबरची. बैठक सुरू व्हायच्या दोन मिनिटं आधी नेमकी तीच लागते. नाव लांब असेल तर टीव्हीवर शेवट कापला जातो, म्हणून "छ. संभाजीनगर जिप" आणि "छ. संभाजीनगर विभाग" असं वेगळेपण लवकर दिसेल अशी नावं ठेवा.

६. एफटीपी आणि एसएसएच: लागलं तरच

जुन्या मशीनवर लोगोचं चित्र किंवा फर्मवेअर चढवायला एफटीपी (नेटवर्कवरून फाइली पाठवायची जुनी पद्धत) लागतं. ते क्रोम आणि फायरफॉक्समधून २०२१ मध्येच काढून टाकलं, म्हणून ब्राउझरमध्ये पत्ता टाकून काही होणार नाही. फाइलझिला उघडा, होस्टच्या जागी आयपी, पोर्ट २१, युजर, पासवर्ड.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, म्हणून ते वापरापुरतंच चालू करा आणि काम झालं की मशीनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करा. लॉगिन होतं पण फाइलींची यादी येत नाही असं झालं तर दोष पासवर्डचा नसतो. फाइलींची ने-आण ज्या दुसऱ्या जोडणीवरून होते ती फायरवॉल अडवत असते. ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह मोड बदलून बघा. आणि चित्र किंवा फर्मवेअर पाठवताना ट्रान्सफर बायनरी ठेवा. आस्की मोडमध्ये ओळ संपल्याच्या खुणा बदलल्या जातात, त्या नादात फाइलच बिघडते. पाठवून झाल्यावर दोन्हीकडचा आकार बाइटमध्ये जुळतो का बघा, केबीत बघून फरक कळत नाही.

एसएसएच म्हणजे लांबून मशीनला कमांड द्यायची सुरक्षित पद्धत. पोर्ट २२, पुट्टीतून. इथे मशीनच्या स्वतःच्या कमांड चालतात, नेहमीचा लिनक्स मिळेलच असं नाही. सेटिंग वाचण्यापुरतं वापरा. ओळखीच्या नसलेल्या फाइली जागा मोकळी करायला म्हणून डिलीट करू नका. टेलनेट (हेच काम असुरक्षितपणे करणारी जुनी पद्धत) चालू दिसलं तर बंद करा.

७. लॉग वेळेवर काढा, वेळ बघून वाचा

व्हीसी मध्येच तुटली तर मशीन बंद-चालू करायच्या आधी लॉग डाउनलोड करा. लॉगची जागा ठरलेली असते, नवीन आलं की जुनं पुसलं जातं, आणि काही मशीनवर रीस्टार्टमध्येही बरंच जातं. व्हेंडरचा इंजिनिअर पहिलं हेच मागतो. त्याच्याकडे लॉग गेला की "तुमचं नेट स्लो आहे" एवढ्यावर भागत नाही.

लॉगमधली वेळ पुष्कळदा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ) असते, आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. सकाळी ११ ला लागलेली व्हीसी लॉगमध्ये ०५:३० ला दिसेल. मशीनच्या घड्याळातच गडबड असेल तर लॉगचा काही उपयोग नाही, म्हणून एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय) लावून घ्या. सीईआरटी-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळवायची आहेत आणि लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. डब्यात एवढे दिवस लॉग टिकत नाहीत. महिन्यातून ठरलेल्या तारखेला काढून फोल्डरमध्ये ठेवा.

उन्हाळ्यात आपोआप रीस्टार्ट होणाऱ्या मशीनचा लॉग जरूर बघा. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात बाहेरच चाळीसच्या पुढे जातं, आणि डबा काचेच्या बंद कपाटात असेल तर आत त्याहून जास्त. लॉगमध्ये तापमानाचा इशारा सापडला तर आधी कपाटाची मागची फळी काढा.

८. रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर होत असेल तर

पेन ड्राइव्ह फॅट३२ (फाइली साठवायची जुनी मांडणी) असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. २ एमबीपीएस वेगाने रेकॉर्डिंग तासाला साधारण ९०० एमबी होतं. म्हणजे १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाचा कार्यक्रम आणि त्याला जोडून आढावा बैठक असं दिवसभर चाललं, तर साडेचार तासांच्या पुढे कुठेतरी रेकॉर्डिंग थांबू शकतं. काही मशीन फाइलचे तुकडे करतात, काही थांबतात. आधी तपासून घ्या, आणि मध्ये जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डिंग थांबवून नवीन सुरू करा.

लाइट जाणं हा खरा शत्रू. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बहुधा रेकॉर्डिंग बंद करताना शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली की तीन तासांची फाइल पेन ड्राइव्हवर दिसते, पण उघडत नाही. कोडेक यूपीएसवर असतो, हे सगळे करतात. मात्र बाहेरच्या रॅकमधला स्विच यूपीएसवर आहे का तेही जाऊन बघा. तो साध्या प्लगवर असतो आणि व्हीसी तिथेच तुटते.

रेकॉर्डिंग जिल्ह्याला पाठवायचं असेल तर वेळेचा हिशोब आधी करा. ९०० एमबी ४ एमबीपीएस अपलोडवर चढवायला कमीत कमी अर्धा तास. दुसरी व्हीसी चालू असताना हे अपलोड लावू नका, चित्र अडकायला लागेल. रेकॉर्डिंग व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची मागणी आली तर लेखी मागा. बैठकीत लाभार्थ्यांची नावं, आजार, कर्जं वाचली जातात.

९. फर्मवेअर

एएमसी असेल तर त्यांच्याकडूनच करा. स्वतः करायचं ठरलंच तर बॅकअप घेतलेला असावा, मशीन यूपीएसवर, लॅपटॉप केबलवर, आणि पुढचे दोन दिवस व्हीसी नसावी. खूप जुन्या आवृत्तीवरून थेट नवीनवर उडी मारता येतेच असं नाही, मधले टप्पे रिलीज नोटमध्ये दिलेले असतात. फाइल फक्त कंपनीच्या साइटवरून. चालू असताना स्क्रीन काळी दिसली म्हणून बटण दाबू नका.

१०. चार्ज देताना आणि निर्लेखन करताना

बदली झाली की चार्ज यादीत मशीन, रिमोट, माइक लिहिले जातात, पासवर्ड आणि बॅकअप लिहिले जात नाहीत. तुम्ही लिहा. ॲडमिन पासवर्ड सीलबंद पाकिटात, पाकिटावर तारीख आणि सही. बॅकअपचा पेन ड्राइव्ह त्याच पाकिटात. आयपीचा कागद आणि एएमसीचा फोन नंबर यादीला जोडून. नवीन आलेल्याला समोर बसवून एकदा बॅकअप डाउनलोड करायला लावा, मग सही घ्या.

मशीन निर्लेखित होऊन (नोंदीतून कमी करून) भंगारात किंवा लिलावात जाणार असेल तर फॅक्टरी रीसेट इथे मात्र करायचाच. आत ॲड्रेस बुक, कॉलची यादी, नेटवर्कचे आकडे आणि कधी लॉगिनची माहितीही राहिलेली असते. रीसेटनंतर मशीन पुन्हा चालू करा, सुरुवातीचं सेटअप पान येतंय याचा फोटो काढा आणि तो निर्लेखनाच्या प्रस्तावाला जोडा. पेन ड्राइव्ह लावलेला राहिलाय का ते मागच्या पोर्टवरही हात फिरवून बघा.